कोरड्या विटांवरचा स्वयंपाक

मुलीनं नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि कागद पुन्हा गुंडाळी घेऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. घरामागच्या अंगणात बांधायच्या स्वयंपाकघराचा तो नकाशा होता. वास्तुरचनेचं शिक्षण पुरं करून घरी आल्यावर तिनं हाती घेतलेलं हे पहिलं काम, आणि गिऱ्हाईक कोण, तर सख्खी आई. असं गिऱ्हाईक शत्रूलाही मिळू नये, असं तिच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या.

"हा कट्टा काटकोनात वळतो," ती पेन्सिल फिरवत म्हणाली. "या हाताला बेसिन. मग चिरायला-निवडायला तीन फूट मोकळी जागा. इथे गॅसची शेगडी आणि टोकाला निखाऱ्यांची जाळी. कट्ट्यापलीकडे उंच स्टुलं. आई इथे अलीकडे उभी राहणार आणि सगळे तिच्या समोर बसणार. तिनं रांधायचं, बाकीच्यांनी गप्पा मारायच्या. वर पत्रा, म्हणजे ऊन-पावसाची काळजी नाही."

"शाब्बास," मास्तर म्हणाले आणि टेबलावरच्या वाट्या थरथरल्या. मास्तर म्हणजे मुलीचे वडील. शाळेत एकतीस वर्षं त्यांनी पोरांना कवायत शिकवली. नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. घरातही ते मीठ मागत ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडून मागावं तसं.

मुलीची आई, जिला मास्तरांच्या भावंडांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे वहिनीच म्हणत, नकाशावर वाकली. बराच वेळ बघत राहिली, मग बोट टेकवून म्हणाली, "सगळं छान आहे. फक्त शेगडी फिरव. मागच्या भिंतीकडं तोंड करून हवी."

"आई, अगं मग माणसं तुझ्या पाठीमागं येतील."

मुलगी हे कागदाकडं बघून बोलली, त्यामुळे वहिनींनी उत्तर दिलं नाही. मास्तरांनी दिलं.

"अगं, भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं तर घरातला कट्टा काय वाईट आहे? इतकी वर्षं तू भिंतीशी बोलतेस आणि आम्ही तुझ्या पाठीशी. म्हटलं, आता जरा तोंड दिसेल."

"माझं तोंड बघून आता काय मिळणार आहे तुम्हाला? समोर माणसं बसली की मला मीठ घातलं की नाही तेच आठवत नाही. भिंतीकडंच हवी शेगडी," वहिनी म्हणाल्या आणि वाट्या उचलून घासायला घेऊन गेल्या. नकाशानं चारी बाजूंनी पुन्हा गुंडाळी घेतली.

खरं कारण मिठाचं नव्हतं. खरं कारण वहिनींना ठाऊक होतं आणि देवाला ठाऊक होतं. तिसऱ्या कानी त्यांनी ते जाऊ दिलं नव्हतं. आणि गंमत अशी की ते गुपित कानांचंच होतं. गेली दोन वर्षं वहिनींना ऐकू येईनासं झालं होतं. डावा कान जवळजवळ गेलाच होता. उजवा होता, पण रुसलेल्या पाहुण्यासारखा, मनात आलं तर साथ द्यायचा. कुकरच्या शिट्ट्या त्या ऐकत नसत, बघत. वजन उडून वाफ निघाली की एक. फोन आला की त्यांचे हात नेमके पिठात असत. भजनाला त्या हल्ली पहिल्या रांगेत, अगदी गाणाऱ्याच्या समोर जाऊन बसत. लोकांना वाटे, भक्ती वाढली. भक्ती होती तेवढीच होती. गाणाऱ्याचे ओठ हलताना दिसले की पाठ असलेले शब्द मनात आपोआप वाजू लागत, एवढंच. देवाशी बोलायचं तर त्या मनातल्या मनात बोलत, तिथे कानांचं काम नव्हतं. 'देवा, एवढं झाकून ने,' असं त्या रोज सकाळी सांगत.

मास्तरांना कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाई, तो बायकोला ऐकू जातो यात त्यांना काय नवल वाटणार? आणि बाकीच्यांसाठी वहिनींपाशी घरातला कट्टा होता. कट्ट्याशी, माणसांकडं पाठ करून उभ्या असलेल्या बाईनं उत्तर दिलं नाही, तर लोक म्हणतात, कामात आहे. दुसऱ्यांदा दिलं नाही, तर म्हणतात, रागात आहे. ती बहिरी असेल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. रागीट म्हणवून घ्यायला वहिनींची हरकत नव्हती. दुसरं काही म्हणवून घ्यायला होती.

कारण त्यांनी आपल्या आईचं बघितलं होतं. आईचे कान साठीत गेले. आधी लोक तिच्याशी ओरडून बोलले, मग हातवारे करून, मग बोलेनासे झाले. "तिला राहू द्या, तिला कुठं काय कळतंय," असं तिच्या देखत म्हणत. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडं बघून हसायची. सगळे हसले की हसायची, आणि कुणी आजारपणाचं सांगत असलं तरी हसायची. ते हसू वहिनींच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. आपण रागीट म्हणून मेलो तरी चालेल, पण त्या खुर्चीत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एक सल मात्र होता. दर रविवारी मास्तरांची भावंडं जेवायला जमत. त्यातली सगळ्यात लहान बहीण, जिला घरात धाकटी म्हणत, गेले आठ महिने आली नव्हती. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या वहिनींनी घातल्या, तिच्या परीक्षेला दही-साखर हातावर वहिनींनी ठेवली, तिच्या लग्नात सगळ्यात जास्त रडल्या त्याही वहिनीच. आणि आता आठ महिने नाही येणं, नाही निरोप. "कामं असतील," मास्तर म्हणत. फोन करून विचारावं, तर फोनवरचा आवाज वहिनींच्या कानात मुंग्यांसारखा नुसता फिरायचा. तेव्हा त्या गप्प बसल्या. आपलं काय चुकलं हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला. साठीचा, उंच, भुवयांत दगडाची भुकटी कायमची बसलेली. बोलायचा मोठ्यानं आणि माणसाच्या पुढ्यात येऊन. वहिनींना तो पहिल्याच दिवशी आवडला. का आवडला याचा त्यांनी विचार केला नाही.

त्यानं नकाशा बघितला, अंगणात चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या आणि विटांच्या थप्पीवर बसून चहा मागितला.

"सिमेंटची पोती कधी आणू?" मास्तरांनी विचारलं.

"आधी स्वयंपाक, मग सिमेंट."

"म्हणजे?"

"म्हणजे मी विटा कोरड्या रचतो, वर फळ्या टाकतो. घरातलं जे माणूस रांधणार, त्यानं त्याच्यावर एक वेळचं जेवण रांधायचं. हात कुठं अडखळतो, धूर कुणाच्या डोळ्यांत जातो, सगळं कळतं. कोरड्या विटा हलवायला अर्धा तास. पक्कं फोडायला दोन दिवस आणि वर भांडण. मी चाळीस वर्षांत स्वतःचं बांधलेलं फोडलेलं नाही."

"पण मी सगळं मापात काढलंय," मुलगी म्हणाली.

"मापात आहे ना, बाळ. मी कुठं नाही म्हणतो? पण मापाला भूक लागत नाही. आणि हे बघा मास्तर, जेवायला एक बाहेरचं माणूस बोलवा. घरची माणसं जेवणाला चांगलंच म्हणतात, त्यांना उद्याही त्याच घरात जेवायचं असतं."

यावर मुलगी नकाशाकडं बघत काहीतरी पुटपुटली, मास्तरांनी मान हलवली, म्हणून वहिनींनीही हलवली. काय ठरलं ते त्यांना कळलं नव्हतं. हल्ली अशा कितीतरी गोष्टींना त्या मान हलवून मोकळ्या होत.

ठरल्या दिवशी सकाळी नऊलाच मिस्त्रीनं कोरडी मांडणी केली. "आधी ताईंच्या मनासारखं करू," तो वहिनींकडं बघत म्हणाला. भिंतीपासून हातभर अंतरावर विटांचा कट्टा उभा राहिला, त्यावर फळ्या, फळ्यांवर गॅसची शेगडी. एका बाजूला विटांच्या चौकोनात निखारे आणि वर लोखंडी जाळी. काटकोनाचा दुसरा हात वहिनींच्या डावीकडून मागं येत होता. त्यावर भाज्यांची टोपली, पाण्याचं पातेलं, हात पुसायचं फडकं. मागं बाकावर मुलगी वही घेऊन बसली आणि मिस्त्री पालथ्या घमेल्यावर. मास्तर पाहुण्याच्या वाटेकडं डोळे लावून फाटकापाशी गेले होते.

वहिनींनी जाळीवर वांगी मांडली, कणसं मांडली, बटाटे राखेत खुपसले आणि कांदा चिरायला घेतला. समोर भिंत होती. त्यांना बरं वाटलं. मग धूर भिंतीवर आपटून मागं फिरला आणि थेट त्यांच्या डोळ्यांत गेला. त्यांनी डोळे पुसले आणि चिरत राहिल्या. पुन्हा धूर आला, पुन्हा पुसले. कांद्याचं निमित्त होतं म्हणून बरं.

एवढ्यात निखारा तडतडला आणि त्याची ठिणगी उडून डावीकडच्या फडक्यावर पडली.

"आई, फडकं," मुलगी म्हणाली.

वहिनी कांदा चिरत होत्या.

"आई, मागं बघ. आई."

फडक्याची कड काळी पडली, मग लाल झाली. वहिनींची सुरी एका लयीत चालली होती. मुलगी उठेपर्यंत मिस्त्रीनं तांब्याभर पाणी फडक्यावर ओतलं. चर्र झालं. तरी वहिनी वळल्या नाहीत. ओल्या जळक्या कापडाचा वास नाकात गेला तेव्हा त्यांनी मान वळवली आणि त्यांना तीन गोष्टी एकदम दिसल्या: भिजलेलं फडकं, पोरीचे डबडबलेले डोळे, आणि मिस्त्रीची आपल्यावर खिळलेली नजर.

"बघितलंत ना?" मुलगी मिस्त्रीला म्हणत होती. "एवढा राग. मी काढलेलं आवडलं नाही तर तसं सांगावं. घर पेटलं तरी ही वळून बघायची नाही."

"बाळ, माझी ओळंब्याची दोरी पुढच्या ओट्यावर राहिली. जरा बघतेस?" मिस्त्री म्हणाला.

ती गेली. मिस्त्री उठला आणि त्यानं एक विचित्र गोष्ट केली. विटांचा कट्टा आणि भिंत यांच्यामध्ये जी हातभर जागा होती, त्यात तो आडवा होऊन शिरला आणि सरकत सरकत वहिनींच्या समोर येऊन उभा राहिला. पाठ भिंतीला, पोट कट्ट्याला. एवढा मोठा माणूस, फडताळात कोंबलेल्या गादीसारखा दिसत होता.

"ताई," तो सावकाश म्हणाला, "कुठला कान?"

वहिनींची पाचावर धारण बसली. "कसला कान?"

"माझे दोन्ही गेले. दगड कापायच्या मशीननं खाल्ले. बारा वर्षं झाली."

"काहीतरीच. तुम्ही तर सगळं ऐकता."

"ऐकत नाही. बघतो. माणसाचं तोंड दिसलं की मला त्याचं बोलणं समजतं. तुम्हीपण तेच करता, तुमच्या लक्षात आलं नसेल. मी आठवडाभर बघतोय. मी समोर असलो की तुम्ही माझ्या वाक्याला वाक्य लावता. मी पाठ केली की गप्प."

वहिनींनी सुरी खाली ठेवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ती गोष्ट त्यांच्यासमोर उच्चारली होती, आणि आभाळ जिथल्या तिथं होतं.

"डावा," त्या म्हणाल्या. "उजवा पण चाललाय. घरी सांगू नका."

"मी कशाला सांगतोय? माझं काम विटांचं. पण माझ्या कामाचं तेवढं सांगतो. तुम्ही म्हणता तशी शेगडी बांधली, तर तुम्हाला भिंतीत चिणल्यासारखं होईल, आणि तेही माझ्या हातानं. तुम्हाला वाटतं, भिंतीकडं तोंड केलं की कुणाला कळणार नाही. खरंय. पण तुम्हालाही काही कळणार नाही. आज फडकंच होतं."

 वहिनींना आईची खुर्ची आठवत होती. कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला. त्या खुर्चीच्या समोर काय होतं? त्यांनी डोळ्यांपुढं आणून बघितलं. समोर कपाट होतं. माणसं सगळी बाजूला आणि मागं बसायची. इतक्या वर्षांत आईच्या समोर खुर्ची ओढून कुणी बसलंच नव्हतं, त्या स्वतःसुद्धा नाही.

"फिरवा," त्या म्हणाल्या.

"आधी मला इथून बाहेर तरी पडू द्या," मिस्त्री म्हणाला, कारण तो खरोखरच अडकला होता. दोन विटा काढाव्या लागल्या.

अर्ध्या तासात कट्टा फिरला, समोर घरातली स्टुलं आली. निखारे घमेल्यातून इकडून तिकडं गेले. मुलगी हात झाडून आली, ओळंब्याची दोरी कुठंच सापडली नाही असं सांगत (ती मिस्त्रीच्या खिशातच होती), आणि बघते तो तिच्या नकाशाप्रमाणे सगळं उभं. काय झालं, कसं झालं, विचारायची सोय नव्हती. मिस्त्री विटा मोजत होता आणि आई वांगी उलटत होती, तोंड सरळ अंगणाकडं करून. भिंतीवर आपटून मागं फिरणारा धूर आता मोकळा वर चालला होता.

"बघा कोण आलंय," मास्तर पुढून गरजले.

त्यांच्या मागून धाकटी आली.

वहिनींच्या हातातला चिमटा तसाच राहिला. त्या दिवशी मान हलवून आपण कशाला हो म्हटलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. धाकटी वाळली होती. केस आखूड कापले होते. ती समोरच्या स्टुलावर येऊन बसली ती अगदी टोकाला, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

"पोरीनं फार आग्रह केला म्हणून आले," ती म्हणाली.

सकाळचं ऊन तिच्या तोंडावर होतं. शब्द न शब्द वहिनींना समजला, काचेच्या पेल्यातलं पाणी दिसावं तसा.

"पोरीनं कशाला, मीच बोलवायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या.

धाकटीनं चमकून वर बघितलं. इतकं झटकन उत्तर येईल अशी तिची अपेक्षा नव्हती. मग मान थोडी बाजूला करून, स्वतःशीच बोलावं इतक्या हळू ती म्हणाली, "आज बोलता म्हणायचं माझ्याशी."

तिला वाटलं, हे कुणाला ऐकू गेलं नाही. मास्तरांना नाहीच गेलं. वहिनींनी ते ओठांवरून उचललं.

"तुझ्याशी मी कधी बोलले नाही, धाकटे?"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? आठ महिने झाले, मी रोज विचार करतेय माझं काय चुकलं. आज तू आलीच आहेस तर सांगून टाक."

धाकटीनं एकदा भावाकडं बघितलं, एकदा भाचीकडं. "मी तुमच्याकडं आले होते, वहिनी. रविवारी. सगळे बाहेर बसले होते म्हणून मुद्दाम आत आले. तुम्ही कट्ट्याशी होता, पाठ करून. मी मागं उभी राहून सांगितलं. एकदा नाही, दोनदा. तुम्ही चिरत राहिलात. वळलासुद्धा नाहीत."

"काय सांगितलंस?"

"डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली होती. तपासायला पाठवायची म्हणाले. मला भीती वाटत होती. मी म्हटलं, वहिनी, माझ्याबरोबर चला. घरात दुसऱ्या कुणाला मी सांगितलं नव्हतं." तिनं नाक ओढलं. "मग मी एकटीच गेले."

 जाळीवरच्या एका कणसाचा दाणा फुटला, तो तेवढा बाकीच्यांना ऐकू आला.

वहिनींपुढं आता दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही लख्ख दिसत होत्या. कामात होते, लक्ष नव्हतं, असं म्हणून गुपित राखता आलं असतं. पण मग ही पोर आयुष्यभर हेच धरून बसली असती की गाठीचं नाव ऐकूनही वहिनींची सुरी थांबली नाही. नऊ वर्षांच्या त्या डोक्यावरून फणी फिरवलेले हात कट्ट्यावर टेकून वहिनी म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही."

मग त्यांनी पुन्हा सांगितलं. "दोन वर्षं झाली. तुझं एक अक्षर माझ्या कानात गेलं नाही, धाकटे. गेलं असतं तर चपला न घालता आले असते. मला ऐकू येत नाही आणि मी ते लपवत होते."

"काय?" मास्तर इतक्या मोठ्यानं म्हणाले की मागच्या भिंतीवरचा कावळा उडून गेला.

"हे मात्र येतं," वहिनी म्हणाल्या.

पहिल्यांदा मिस्त्री हसला. मग धाकटीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, रडणं आणि हसणं दाराशी एकदमच आल्यासारखा. "म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "ऐकलंच नव्हतं तुम्ही. आणि मी आठ महिने..." ती उठली, कट्ट्याला वळसा घालायचं तिला सुचलं नाही, तिनं फळीवरूनच वहिनींच्या गळ्यात हात टाकले. कोरड्या विटा करकरल्या. मिस्त्रीनं दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली.

"निघालं काय?" वहिनींनी तिला धरून समोर उभं केलं. "आधी ते सांग. तोंड वर करून सांग."

"काही नाही. साधी गाठ होती. काढून टाकली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवलं, सगळं स्वच्छ आहे."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात जे काय म्हणायचं ते देवाला म्हटलं. देवा, मी तुला झाकून ने म्हणत होते, आणि तू उघडं पाडायच्या खटपटीत होतास होय, असंच काहीसं ते असावं. कारण डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा राग होता आणि पुष्कळसं हसू.

मास्तर मात्र खाली बसले होते. "एका घरात राहतो आपण," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले की सगळ्यांनाच कान द्यावा लागला. "मला कळलं कसं नाही?"

"तुमच्यामुळंच तर निभावलं," वहिनी म्हणाल्या. "या घरात तुमचा तेवढा आवाज मला पुरत होता."

"आणि मला वाटत होतं, तुला माझं काम आवडत नाही," मुलगी म्हणाली. ती वहीकडं बघून बोलत होती. मग तिच्याच लक्षात आलं आणि तिनं मान वर करून पुन्हा सांगितलं.

"वेडी आहेस. मी घाबरले होते. तू मला सगळ्यांसमोर उभं करत होतीस."

आता जे व्हायचं ते झालं. धाकटीनं दोन्ही हात उंच करून, डोळे विस्फारून, घसा ताणून सांगितलं की जाळीवरचं वांगं करपत चाललं आहे.  हीच ती सुरुवात होती. आईच्या वेळची ओरडण्याची, हातवाऱ्यांची. पण या वेळी वहिनी खुर्चीत नव्हत्या, हातात चिमटा होता.

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "ओरडलीस की तोंड वेडंवाकडं होतं, मग मला कळत नाही. साधं बोल. समोर बसून, नेहमीसारखं. माझ्या मागून बोलायचं नाही, आणि माझ्याबद्दल माझ्यादेखत तिसऱ्याशी बोलायचं नाही. एवढं सांभाळलंत तर मी तुम्हाला जड होणार नाही."

"जड कोण म्हणतंय?" धाकटी साध्या आवाजात म्हणाली. "सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडं जायचं. मी घेऊन जाते. यंत्र मिळतं हल्ली, मटाराएवढं."

"माझ्याकडं आहे," मिस्त्री म्हणाला. "खिशात ठेवतो. भुकटी जाते त्यात. पण ताईंना चालेल, ताई स्वच्छ काम करतात." सगळे त्याच्याकडं बघायला लागले तसा तो विटांकडं वळला आणि एक वीट, जी मुळीच वाकडी नव्हती, सरळ करू लागला.

जेवण त्याच फळ्यांवर झालं. वांग्यांची साल एका बाजूनं जळली होती, कणसं बरी होती, बटाटे उत्तम. मिस्त्रीनं पहिल्या घासालाच बाहेरच्या माणसाला, म्हणजे धाकटीला, विचारलं की जेवण कसं आहे. "वांगं करपलंय," ती म्हणाली, आणि खरं बोलणारं माणूस बोलावल्याबद्दल त्यानं समाधान व्यक्त केलं.

मुलीनं ताटातलं संपवून पुन्हा वही उघडली. बसल्या जागेवरून ती आईच्या समोर आली, कट्ट्याला टेकून उभी राहिली. "दिव्यांचं राहिलं," ती म्हणाली. "मी तीन दिवे तुझ्या हातांवर पडतील असे काढलेत. संध्याकाळी चिरताना सावली नको म्हणून."

वहिनींनी वहीत बघितलं. मग अंगणात बघितलं. बसलेल्या माणसांकडं एकेक करून बघितलं: मास्तर, जे अजून हळू बोलायचा सराव करत होते आणि ते त्यांना जमत नव्हतं, मिस्त्री, आणि धाकटी, जी स्टुलाच्या टोकावरून आता मध्यावर सरकून बसली होती.

"माझ्या हातांवर एक पुरे," त्या म्हणाल्या. "चिरणं मला पाठ आहे. बाकीचे दोन तिकडं टाक, बसणाऱ्यांच्या तोंडांवर. अंधार पडला तरी मला सगळी दिसली पाहिजेत."

मुलीनं दोन वर्तुळं खोडली आणि दोन नवी काढली.

"आणि तू," वहिनी धाकटीला म्हणाल्या, "इथं समोर ये. आठ महिन्यांचं सगळं सांग. पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात कशानं गेलीस, कोण होतं तिथं, जेवलीस काय, सगळं. मला घाई नाही."

धाकटी समोर येऊन बसली, केस कानामागं सारले आणि सांगायला लागली. वहिनींनी राहिलेली कणसं जाळीवर मांडली आणि ती उलटत राहिल्या. जाळीकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.